आयर्लंडमध्ये सरकार बनतं कसं? निवडणूक आणि युत्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या निवडणुकीचा विषय निघाला की मराठी मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. सगळ्यात जास्त मतं घेतलेला पक्ष विरोधात कसा बसला? पंतप्रधान मध्येच का बदलतात? आणि तिथले माजी पंतप्रधान, आपले लिओ वराडकर गेले कुठे? हे प्रश्न आणि त्यांच्या आजूबाजूचे आणखी काही इथे घेतले आहेत. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये मोडतो, त्याचा कारभार वेगळा. खालची माहिती डब्लिन राजधानी असलेल्या प्रजासत्ताकाची आहे.

निवडणूक नेमकी कशाची होते?

संसदेच्या खालच्या सभागृहाची, म्हणजे ‘डॉल’ची. पंतप्रधान याच सभागृहातून निवडला जातो. सदस्याला ‘टीडी’ म्हणतात. सध्या १७४ टीडी आहेत आणि ते ४३ मतदारसंघांतून येतात. एका मतदारसंघातून एक नाही, तर तीन, चार किंवा पाच जण निवडून जातात. पुढचं सगळं राजकारण या एका गोष्टीवर उभं आहे.

देशाची लोकसंख्या ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी. राज्यघटनेनुसार दर २० ते ३० हजार लोकांमागे एक टीडी असावा लागतो. लोकसंख्या वाढली म्हणून २०२४ च्या निवडणुकीआधी जागा १६० वरून १७४ केल्या. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने एका आमदारामागे जवळपास चार लाख माणसं येतात. तिथला टीडी मतदाराला नावानिशी ओळखतो, दर आठवड्याला गावात बसून रेशनकार्डाच्या दर्जाची कामं ऐकून घेतो आणि मयतीलाही हजर असतो. नाही गेला तर त्याच्याच पक्षाचा दुसरा उमेदवार जातो, कारण एका मतदारसंघात एका पक्षाचे दोन-तीन उमेदवार उभे असतात आणि ते एकमेकांचीच मतं ओढत असतात.

मत कसं द्यायचं असतं?

मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं आडनावांच्या अक्षरक्रमाने छापलेली असतात, सोबत फोटो आणि पक्षाचं चिन्ह. मतदार आवडत्या उमेदवारापुढे १ लिहितो, मग हवं तर २, ३, ४ असं कितीही पुढे जातो. फक्त १ लिहून थांबलं तरी मत वैध. पक्षाचं बंधन नाही. १ एका पक्षाला, २ शेजारच्या अपक्षाला आणि ३ तिसऱ्याच पक्षाला देणारे मतदार भरपूर असतात.

मतमोजणीला दोन-तीन दिवस का लागतात?

आपल्याकडे राज्यसभा किंवा विधान परिषदेची निवडणूक ज्यांनी बारकाईने पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पद्धत तीच, पसंतीक्रमाची. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी भाजपच्या धनंजय महाडिकांनी शिवसेनेच्या संजय पवारांना हरवलं, तेव्हा दुसऱ्या पसंतीच्या मतांचा हिशेब टीव्हीवर रात्रभर चालला होता. आपल्याकडे तो आमदारांपुरता राहतो, आयर्लंडमध्ये सगळी जनता असंच मत देते.

आधी कोटा काढतात. समजा पाच जागा आहेत आणि वैध मतं ६०,०००. जागांमध्ये एक मिळवून भागायचं, म्हणजे सहाने, आणि आलेल्या संख्येत एक मिळवायचा. कोटा झाला १०,००१. एखाद्याला पहिल्याच फेरीत १३,००० मतं पडली तर तो निवडून आला, आणि त्याची वरची २,९९९ मतं पुढच्या पसंतीच्या प्रमाणात इतरांकडे जातात. कोणीच कोटा गाठला नाही तर सर्वांत खालचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. असं पाचही जागा भरेपर्यंत. मतांचे अपूर्णांक करत बसत नाहीत, कागदांचे गठ्ठेच या टेबलावरून त्या टेबलावर हलतात.

हे घडताना पाहण्यासारखं असतं. एखाद्या क्रीडासंकुलात लांब टेबलं मांडलेली, मधे कंबरेएवढा कठडा. सकाळी नऊला पेट्या रिकाम्या होतात, कर्मचारी मतपत्रिका सुलट्या करून ठेवू लागतात आणि कठड्याला रेलून उभे असलेले सर्व पक्षांचे कार्यकर्ते मान वाकडी करकरून प्रत्येक कागदावरचा १ टिपून घेतात. अमक्या केंद्राच्या पेटीत तमक्याला किती, अशा उभ्या रेघा. हे ‘टॅली’वाले एरवी एकमेकांचे विरोधक, पण आकडे मात्र एकत्र करतात. दुपारच्या जेवणाआधीच त्यांना साधारण कोण येणार आणि कोण पडणार ते कळलेलं असतं. अधिकृत पहिली फेरी त्यानंतर जाहीर होते.

मग ईव्हीएम का वापरत नाहीत?

वापरून झालं. २००२ च्या निवडणुकीत तीन मतदारसंघांत प्रयोग म्हणून मतदान यंत्रं लावली. डब्लिन नॉर्थमध्ये माजी न्यायमंत्री नोरा ओवेन मंचावर उभ्या असताना यंत्राने अंतिम निकाल एकदम ओकला. हरल्याचं त्यांना सगळ्या देशाबरोबर, कॅमेऱ्यांसमोर कळलं. कागदी मोजणीत दोन दिवस आधीपासून मनाची तयारी होते, इथे तीही सवड नाही. लोकांना ते दृश्य आवडलं नाही.

तरीही सरकारने नेदरलँड्सच्या कंपनीकडून सुमारे ७,५०० यंत्रं घेतली. खर्च पाच कोटी युरोंहून जास्त. २००४ मध्ये नेमलेल्या आयोगाने गुप्तता आणि अचूकतेची खात्री देता येत नाही असं सांगितलं आणि यंत्रं गोदामात गेली. गोदामांचं भाडं वर्षानुवर्षं भरलं. २००९ मध्ये योजना गुंडाळली आणि २०१२ मध्ये सगळी यंत्रं सुमारे ७० हजार युरोंना भंगारात विकली. तेव्हापासून पेन्सिल आणि कागद. आपल्याकडच्या ईव्हीएमच्या वादात हे उदाहरण कोणी दिलं तर एक लक्षात ठेवा: तिथे यंत्रांत घोटाळा झाल्याचं सिद्ध झालं नव्हतं. भरवसा बसला नाही, एवढंच.

पण या मतदान पद्धतीचा युतीशी काय संबंध?

सगळा संबंध इथेच आहे. प्रत्येक उमेदवाराला दुसऱ्या पक्षाच्या मतदाराची २ किंवा ३ क्रमांकाची पसंती लागते. त्यामुळे प्रचारात विरोधकाला किती झोडपायचं याला हद्द राहते. ज्याच्या मतदारांना तुम्ही दुखावलंत, त्यांची मतं पाचव्या-सहाव्या फेरीत तुमच्याकडे येणार नाहीत. निकालानंतरच्या बैठकीत युती जाहीर होते खरी, पण मतदाराने तिची जुळवाजुळव मतपत्रिकेवर आधीच केलेली असते.

१९७३ साली हे लख्ख दिसलं. फिना गेल आणि लेबर या दोन पक्षांनी निवडणुकीआधीच हातमिळवणी केली आणि पुढची पसंती एकमेकांना द्या असं मतदारांना सांगितलं. सोळा वर्षं सलग सत्तेत असलेल्या फिआना फॉलची मतांची टक्केवारी त्या वेळी किंचित वाढली, पण जागा घटल्या आणि सरकार गेलं.

फिआना फॉलला ही पद्धत तशीही खुपत होती. १९५९ आणि १९६८ मध्ये दोनदा सार्वमत घेऊन आपल्यासारखी ‘ज्याला जास्त मतं तो विजयी’ पद्धत आणायचा प्रयत्न त्यांनी केला. लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं. १९५९ मधली गंमत अशी की त्याच दिवशी त्याच लोकांनी पक्षाचे संस्थापक डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्षपदी निवडून दिलं. माणूस हवा, त्याची दुरुस्ती नको.

फिआना फॉल आणि फिना गेल यांच्यात फरक तरी काय?

धोरणांत शोधायला जाल तर फारसा सापडणार नाही. दोन्ही मध्यममार्गी, थोडे उजवीकडे झुकलेले. फरक १९२२ चा आहे. ब्रिटनशी झालेला तह जानेवारी १९२२ मध्ये डॉलने ६४ विरुद्ध ५७ मतांनी स्वीकारला. तो ज्यांना मान्य नव्हता आणि ज्यांना होता, त्यांच्यात यादवी युद्ध पेटलं. तहाच्या बाजूचे मायकेल कॉलिन्स त्याच ऑगस्टमध्ये मारले गेले. विरोधी बाजूच्या डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये फिआना फॉल काढला, तहवाल्यांचा गट १९३३ मध्ये फिना गेल झाला. घरं त्यावरून वाटली गेली. आजोबा कोणत्या बाजूने लढले यावर नातवाचं मत ठरायचं.

पुढची जवळपास शंभर वर्षं हे दोघे एकमेकांना आलटून पालटून सत्तेबाहेर ठेवत राहिले. १९४८ मध्ये फिआना फॉलला हटवण्यासाठी पाच पक्ष आणि काही अपक्ष एकत्र आले, ती देशातली पहिली खरी आघाडी. फिआना फॉलला स्वतः युती करायला १९८९ उजाडावं लागलं. एकट्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं ते शेवटचं १९७७ मध्ये.

मग हे दोघे एकत्र कसे आले?

प्रेमाने नव्हे, आकड्यांनी. २०१६ मध्ये फिना गेलला ५० आणि फिआना फॉलला ४४ जागा मिळाल्या. सत्तर दिवसांच्या घोळानंतर फिआना फॉलने सरकारमध्ये न जाता बाहेरून हात दिला. विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पाच्या वेळी तटस्थ राहायचं, असा लेखी करार. ब्रेक्झिटच्या काळात सरकार पडू नये म्हणून तो पुढे वाढवलाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये शिन फेन या डाव्या पक्षाने पहिल्या पसंतीची २४.५ टक्के मतं घेऊन सगळ्यांना मागे टाकलं. पण त्यांनी फक्त ४२ उमेदवार उभे केले होते. त्यातले ३७ आले आणि त्यांची कोट्यावरची मतं, पक्षाचा दुसरा उमेदवारच नसल्याने, इतर डाव्या पक्षांकडे वाहून गेली. फिआना फॉल ३८, फिना गेल ३५. शिन फेनबरोबर बसायचं नाही यावर दोघांचं एकमत. मग एकमेकांबरोबर बसण्यावाचून पर्याय उरला नाही. १२ जागांच्या ग्रीन पक्षाला सोबत घेऊन, मतदानानंतर १४० दिवसांनी, २७ जून २०२० ला सरकार आलं. त्याआधी तिन्ही पक्षांच्या सदस्यांनी कराराच्या मसुद्यावर मतदान केलं. ग्रीनमध्ये तर दोन-तृतीयांश मंजुरीची अट होती.

शिन फेनशी इतकं वाकडं का?

आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या संघटनेच्या सशस्त्र लढ्याशी असलेलं त्यांचं जुनं नातं हे एक कारण, आणि करांपासून घरबांधणीपर्यंतची त्यांची डावी आर्थिक भूमिका हे दुसरं. पहिलं कारण जाहीरपणे जास्त सांगितलं जातं. माझ्या मते दुसऱ्याचं वजन कमी नाही. उत्तर आयर्लंडमध्ये हाच पक्ष फेब्रुवारी २०२४ पासून सरकारचं नेतृत्व करतो आहे.

फिरतं पंतप्रधानपद म्हणजे अडीच-अडीच वर्षंच ना?

महाराष्ट्रातल्या माणसाला २०१९ आठवणारच. शब्द दिला होता की नव्हता यावर आपल्याकडे युती तुटली आणि बंद खोलीत काय ठरलं ते आजही दोन बाजू दोन तऱ्हेने सांगतात. आयर्लंडमध्ये पंतप्रधान बदलाची वेळ २०२० च्या करारात छापलेली होती आणि करार सगळ्यांना वाचायला उपलब्ध होता. फिआना फॉलचे मिहॉल मार्टिन यांनी १७ डिसेंबर २०२२ ला राजीनामा दिला, त्याच दिवशी डॉलने फिना गेलच्या वराडकरांना निवडलं. कायद्यात ‘फिरतं पद’ असं काही नाही. एकाने राजीनामा द्यायचा आणि सभागृहाने दुसऱ्याला निवडायचं. दगा द्यायची सोय होतीच, कोणी दिला नाही. सध्याच्या करारातही मार्टिन नोव्हेंबर २०२७ पर्यंत आणि त्यानंतर फिना गेलचे सायमन हॅरिस असं ठरलेलं आहे.

२०२४ चा निकाल काय लागला?

मतदान २९ नोव्हेंबरला झालं. फिआना फॉल ४८, शिन फेन ३९, फिना गेल ३८, लेबर ११, सोशल डेमोक्रॅट्स ११, बाकी छोटे पक्ष आणि अपक्ष. बहुमताला ८८ लागतात, फिआना फॉल आणि फिना गेलचे मिळून झाले ८६. दोन कमी! लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्स आत आले नाहीत, म्हणून अपक्षांचा एक गट आणि केरी परगण्यातले हीली-रे बंधू यांना सोबत घेतलं.

२२ जानेवारी २०२५ ला मार्टिन यांची निवड व्हायची होती. पण सरकारला पाठिंबा देणारे मायकेल लाउरी आणि त्यांच्या गटातले काही जण विरोधी बाकांच्या वाट्याची बोलायची वेळ मागत होते. सरकारही आमचं, विरोधही आमचाच! विरोधकांनी इतका गोंधळ घातला की कामकाज वारंवार थांबवावं लागलं आणि पाहुण्यांच्या गॅलरीत नटूनथटून आलेली भावी मंत्र्यांची कुटुंबं तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी मार्टिन ९५ विरुद्ध ७६ मतांनी निवडून आले. त्या वेळी अध्यक्षांच्या आसनावर होत्या व्हेरोना मर्फी, या पदावरच्या पहिल्या महिला, आणि त्याही लाउरींच्याच अपक्ष गटातून आलेल्या.

अपक्षांना पाठिंब्याच्या बदल्यात काय मिळतं?

रस्ते, दवाखाने, घरं, कधी राज्यमंत्रिपद. लपूनछपून नाही. १९८२ मध्ये पहिल्यांदाच निवडून आलेले डब्लिनचे टोनी ग्रेगरी यांनी फिआना फॉलचे नेते चार्ल्स हॉही यांच्याकडून शहरातल्या गरीब वस्त्यांसाठी घरं, रोजगार आणि शाळांची यादी लिहून घेतली आणि ती थेट डॉलच्या कामकाजात वाचून दाखवली. वर्षाच्या आत सरकार पडलं आणि यादीतलं बरंच काही कागदावर राहिलं. १९९७ मध्ये जॅकी हीली-रे यांनी केरीसाठी असाच व्यवहार केला. आज त्यांची दोन मुलं डॉलमध्ये आहेत, आणि मायकेल यांना राज्यमंत्रिपद मिळालं.

अपक्ष नाराज झाला तर काय होतं, तेही १९८२ नेच दाखवलं. जानेवारीत गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या सरकारने लहान मुलांच्या बुटांवर विक्रीकर लावायचं ठरवलं. सूट दिली तर लहान पावलांच्या बायका मुलांचेच बूट घेऊन कर चुकवतील, असं कारण पुढे आलं. अपक्ष जिम केमी विरोधात गेले, ८२ विरुद्ध ८१ अशा एका मताने अर्थसंकल्प पडला आणि सरकारही.

युतीतल्या लहान पक्षाचं पुढे काय होतं?

बहुधा वाट लागते. लेबर २०११ मध्ये ३७ जागा घेऊन फिना गेलबरोबर गेला, काटकसरीचा कारभार केला आणि २०१६ मध्ये सातवर आला. ग्रीन २००७ मध्ये सहा जागांवर सत्तेत गेले, २०११ मध्ये शून्य. पुन्हा उभे राहिले, २०२० मध्ये १२ झाले, पुन्हा सत्तेत गेले, २०२४ मध्ये फक्त एक वाचला. प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स तर २००९ मध्ये पक्ष म्हणूनच संपले. मोठ्या पक्षाचा मतदार लहानाला श्रेय देत नाही, आणि लहानाचा स्वतःचा मतदार तडजोड माफ करत नाही. २०२५ मध्ये लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्स बाहेर राहिले ते हे सगळं पाहूनच, असं मला वाटतं.

तिथे पक्षांतरबंदी कायदा आहे का?

नाही. व्हिप मोडला तर पक्षातून निलंबन होतं, टीडीपद शाबूत राहतं. मार्च २०२३ मध्ये भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची तात्पुरती बंदी उठवण्याच्या मुद्द्यावर ग्रीनच्या नेसा हॉरिगन सरकारविरुद्ध गेल्या. पक्षाने १५ महिने निलंबित केलं. कोर्टकचेरी नाही, अपात्रतेची सुनावणी नाही. आणि कायदा नसूनही आमदारांना बसमध्ये घालून परराज्यातल्या हॉटेलात नेण्याचा प्रकार तिथे ऐकिवात नाही.

सरकार मध्येच पडलं तर लगेच निवडणूक?

बहुतेकदा हो, पण सक्ती नाही. बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाने डॉल विसर्जित करा म्हटलं तरी राष्ट्राध्यक्ष नकार देऊ शकतात. तसा नकार आजवर कोणी दिलेला नाही. १९९४ मध्ये मात्र निवडणूक न घेताच सरकार बदललं. लेबरने फिआना फॉलची साथ सोडली आणि त्याच सभागृहात फिना गेलच्या जॉन ब्रुटन यांना पंतप्रधान केलं.

वरच्या सभागृहाचं काय?

६० सदस्य, अधिकार थोडे. त्यातले ११ पंतप्रधान स्वतः नेमतो, त्यामुळे तिथे सरकारला सहसा अडचण येत नाही. २०१३ मध्ये ते बंदच करावं का यावर सार्वमत झालं, थोड्या फरकाने वाचलं. आपल्या राज्यसभेत राष्ट्रपती १२ सदस्य नेमतात, ती कल्पना आणि राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आपण आयर्लंडकडूनच घेतली.

वराडकर आता कुठे आहेत?

सत्तेबाहेर. वडील डॉक्टर, मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आई आयरिश परिचारिका. २०१७ मध्ये ३८ व्या वर्षी ते पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेर कुटुंबासह वराडला येऊन गेले. २०२० च्या निवडणुकीत, पंतप्रधान असूनही, डब्लिन वेस्टमध्ये त्यांना पाचव्या फेरीपर्यंत थांबावं लागलं. पहिल्या क्रमांकावर शिन फेनचा उमेदवार होता. मार्च २०२४ मध्ये त्यांनी अचानक पायउतार होण्याची घोषणा केली आणि पुढची निवडणूक लढवली नाही. कोकणातल्या मुळाचं आपल्याला अप्रूप, पण तिकडच्या मतदाराने त्यांना मोजलं ते घरांच्या किमती आणि दवाखान्यातल्या रांगांवर.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीयांना मत देता येतं का?

डॉलसाठी फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना. स्थानिक निवडणुकीत मात्र नागरिकत्वाची अट नाही. तिथे राहणारा १८ वर्षांवरचा कोणीही मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो. २०२२ च्या जनगणनेत भारतीय नागरिक सुमारे ४५ हजार होते, म्हणजे काही प्रभागांत ही मतं निकाल फिरवण्याइतकी आहेत. आयरिश नागरिकत्व घेतलं तर डॉलचं मत मिळतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो.

नोंदणी ऑनलाइन होते, पीपीएस क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) आणि पत्त्याचा एअरकोड (पिनकोडसारखा) जवळ ठेवा. घर बदललं तर पत्ता पुन्हा तपासा. भाड्याने राहणाऱ्यांची नावं जुन्याच मतदारसंघात राहून जातात. गेल्या स्थानिक निवडणुका जून २०२४ मध्ये झाल्या, त्या दर पाच वर्षांनी होतात. मतपत्रिका तिथेही पसंतीक्रमाचीच असते, तेव्हा १ लिहून थांबू नका.